दोन ठोके

बायको गेली त्या सकाळी मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांच्या रांगेत उभा होतो. औषधं घेऊन वर आलो तर तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मुलगी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघूनच मला कळलं. पिशवी हातातच राहिली.

आत मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, नर्सशी बोलत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ती म्हणत होती, "डॉक्टरांनी थंडीपर्यंतचीच मुदत सांगितली होती. हिने अख्खी थंडी काढली. जिद्दीची होती."

मी विचारलं, "कुणाला सांगितलं होतं?"

मेव्हणी वळली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग दारातून माझ्या मुलीकडे पाहिलं. नर्स ट्रे उचलून निघून गेली. त्या बघण्यातच मला उत्तर मिळालं.

मेव्हणी आठवडाभर आधीच मोठी बॅग घेऊन आली होती. मला वाटलं होतं, बहिणीला बरं वाटेपर्यंत घर सांभाळायला आली. मी तिला म्हटलंही होतं की ताई, एवढे कपडे कशाला आणले, आपल्याकडे मशीन आहे. ती बॅग उचलून आत गेली होती. आता ती बॅग मला वेगळी दिसायला लागली. घरात येणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. मी एकटाच रोज सकाळी डॉक्टरांना विचारत होतो की घरी कधी सोडणार.

मी सोफ्या-खुर्च्यांचं कुशनचं काम करतो. घराच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं, पुढच्या खोलीत बायकोचा इंग्रजीचा क्लास चालायचा. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याला एक दार. माझं शिक्षण जेमतेम. ती चांगली शिकलेली, आधी शाळेत होती, मग मुलगी झाल्यावर घरीच शिकवायला लागली. लोक म्हणायचे, जोडा विजोड आहे. ती म्हणायची, मला बसायला खुर्ची लागते आणि यांना बसवायला माणूस लागतो, यात विजोड काय.

मोठ्या वर्गातल्या मुलांना इंग्रजीच्या पेपरात अलंकार ओळखायचे असतात. एक वाक्य देतात, त्यात सिमिली आहे की मेटाफर की आणखी काही, ते लिहायचं. मुलं पाठ करायची आणि परीक्षेत घोळ घालायची. म्हणून बायकोने आपली एक पद्धत काढली होती. ती वाक्य मोठ्याने वाचायची. मुलांनी हात वर करायचा नाही, नाव सांगायचं नाही, फक्त टेबलावर बोटाच्या पेराने ठोका मारायचा. लाइक किंवा ॲज घेऊन उघड तुलना केली असेल तर एक ठोका. ती सिमिली. बाकी सगळ्या अलंकारांना दोन ठोके. साधं वाक्य असेल तर हात जागच्या जागी. ती म्हणायची, नावं नंतर येतात, आधी कान तयार झाला पाहिजे. ठोका पडला की ते वाक्य आहे तसं घ्यायचं नाही. ठोका पडला नाही, तर आहे तसं घ्यायचं.

नवीन मुलं आली की ती पहिल्याच दिवशी म्हणायची, "आय लाइक टी." लाइक ऐकल्याबरोबर सगळं टेबल वाजायचं. मग ती कंबरेवर हात ठेवून विचारायची, चहा कुणासारखा आहे ते सांगा आता. मुलं एकमेकांकडे बघायची.

मी मागे काम करता करता ऐकायचो. इतकी वर्षं पार्टिशनमधून ऐकून माझाही कान थोडा तयार झाला. हातातल्या हातोडीचा दांडा मी खुर्चीच्या लाकडावर आपटायचो. एक ठोका मला बरोबर जमायचा. दोनवाले अवघड. तिथे मी तिच्या ठोक्याची वाट बघायचो आणि तिने मारले की मागून मारायचो. मुलांना ते कळायचं. ती म्हणायची, "काका कॉपी करतात."

ही सवय क्लासपुरती राहिली नाही. शेजारीण येऊन म्हणाली की तुमच्या जिन्याने माझा जीव घेतला, तर टेबलाखाली मुलीचे दोन ठोके. मी जेवताना म्हटलं की आज दुकान लवकर वाढवलं त्या कापडवाल्याने, तर बायकोचे दोन ठोके. मी म्हटलं, यात काय आहे? ती म्हणाली, दुकान बंद केलं ना त्याने? मग वाढवलं कसं? बंद म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून माणसं वाढवलं म्हणतात. इंग्रजीत त्याला युफेमिझम म्हणतात. कडू गोष्टीला गोड शब्द. मी म्हटलं, म्हणजे आपण सगळे दिवसभर ठोकेच मारत बसायचं का. ती म्हणाली, तुमचा तर धंदाच आहे तो.

खोट्या ठोक्याला शिक्षा होती. साध्या वाक्यावर कुणी ठोका मारला आणि तो ऐकून शेजारच्याने वहीत चुकीचं लिहिलं, तर ठोका मारणाऱ्याने उभं राहायचं. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायचे, तळवे वर, म्हणजे बोटाने वाजवता येणार नाही. मग तीन सरळ वाक्यं सांगायची. स्वतःबद्दल, खरी, कशाची कशाशी तुलना न करता. फार, खूप, भयंकर असले शब्द चालायचे नाहीत. ज्याचं वहीत चुकलं त्याने ऐकायचं, आणि पटलं की 'बस' म्हणायचं. 'बस' म्हटलं की विषय संपला. मग त्या चुकीबद्दल कुणी बोलायचं नाही, घरी जातानाही नाही.

एकदा ती मुलांना म्हणाली, "माय हजबंड इज अ स्टूल." मुलं हसायला लागली. मी मागून एकच ठोका मारला. लाइक नव्हतं, ॲज नव्हतं, दोन हवे होते. माझं ऐकून एका मुलीने सिमिली लिहिलं. मला दारात येऊन उभं राहावं लागलं. मी तळवे वर करून म्हणालो, मी कुशनचं काम करतो. मला भूक लागली आहे. बाई माझ्यावर चिडल्या आहेत. बायको म्हणाली, तिसरं वाक्य चालणार नाही, एक तर ते तुमच्याबद्दल नाही आणि दुसरं म्हणजे ते खोटं आहे. मग मी म्हणालो, मला दोन ठोके कळत नाहीत. ती मुलगी म्हणाली, "बसा, काका." आणि मी कामाला गेलो.

हे सगळं अशासाठी सांगितलं की आमच्या घरात ठोक्याला काय किंमत होती ते कळावं. तिने कधी खोटा ठोका मारला नव्हता. मुलांनी तिला फसवायला किती वाकडी वाक्यं आणली, पण ती फसायची नाही आणि फसवायची नाही.

ज्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन गेलो ते बाहेरून आलेले होते. आमची भाषा त्यांना मोडकीतोडकी यायची, त्यामुळे ते इंग्रजीतच बोलत होते. बायको मध्ये बसली होती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, त्या दिवसासाठी मुद्दाम आली होती. मी बसलो होतो त्या खुर्चीचं रेक्झिन कडेला फाटलं होतं आणि आतला फोम दिसत होता. हात मात्र चांगल्या लाकडाचे होते.

डॉक्टर म्हणाले, "इट इज लाइक अ फायर इनसाइड अ वॉल." म्हणजे भिंतीच्या आत आग लागावी तसा हा आजार आहे, बाहेरून दिसत नाही. मी सवयीने गुडघ्यावर एक ठोका मारला. बायको गालात हसली. मला तेवढ्यात बरं वाटलं. माझं बरोबर आलं होतं.

मग डॉक्टर थांबून म्हणाले, "वी आर लुकिंग ॲट मंथ्स. नॉट इयर्स."

हे शब्द मला येत होते. मंथ म्हणजे महिना, इयर म्हणजे वर्ष. बालवाडीतल्या पोरांनाही येतात. मी तिच्याकडे पाहिलं. तिने हात लांब केला आणि माझ्या खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाच्या पेराने ठोके मारले. दोन. घाईने नाही, क्लासमध्ये मारायची तसेच. मुलीने ते ऐकले आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठला होता हा? बायको म्हणाली, "हायपरबोली. वाढवून सांगणं. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं हो, नाहीतर पेशंट गोळ्या चुकवतात." मी म्हटलं, घाबरवलं की चांगलंच. ती म्हणाली, "इतकी वर्षं झाली, दोन ठोक्यांत तुम्ही अजून कच्चे ते कच्चेच." आम्ही हसलो. मुलगीसुद्धा हसली. ते तिचं हसणं मी अजून विसरलेलो नाही.

कुणी म्हणेल, बायको डोळ्यांदेखत वाळत चालली होती, तुला दिसलं नाही का? दिसत होतं. आजार मोठा आहे हे मला माहीत होतं. पण मोठा आजार वेगळा आणि महिने मोजणं वेगळं. महिने मोजायचे नाहीत असं मला सांगितलेलं होतं, आणि ज्या माणसाने सांगितलं त्याच्या शब्दावर मी संसार केला होता.

थंडीच्या सुरुवातीला मला एक मोठं काम आलं. दुसऱ्या गावातल्या जुन्या नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांची कुशनं बदलायची होती, तिथेच मुक्काम करून. मी नाही म्हणणार होतो. तेव्हा तिची तब्येत थोडी सुधारली होती, हिंडत-फिरत होती, क्लासही घेत होती. ती म्हणाली, "जा हो. मी बरी आहे. तुम्ही सारखे समोर बसलात की मला उगाच आजारी असल्यासारखं वाटतं." 'सारखं' आलं म्हणून मी ताटावर एक ठोका मारला. ती खळखळून हसली. मी गेलो.

मी तिथे रांगेमागून रांग खुर्च्या उघडत होतो. जुना काथ्या काढायचा, नवीन फोम घालायचा, कापड ताणून ठोकायचं. संध्याकाळी फोन करायचो. ती विचारायची, कितव्या रांगेत आहात? मी सांगायचो. ती म्हणायची, सावकाश करा, घाईत कापडाला सुरकुत्या राहतात. परत आलो तेव्हा ती अंथरुणाला लागली होती. मुलगी सुट्टी काढून आली. मधले ते बायकोचे शेवटचे चांगले दिवस होते आणि मी ते परक्यांच्या खुर्च्यांत घालवले. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणूनच तिने मला पाठवलं.

ती गेल्यावर चार दिवस माणसांची ये-जा होती. जो तो म्हणायचा, ती गेली. मेली असं कुणी म्हणालं नाही. मी मनात दोन-दोन ठोके मारत होतो. मेव्हणी निघताना म्हणाली, "भाऊजी, तिने तुमच्या भल्यासाठीच केलं. मनात काही ठेवू नका." मी तिची बॅग रिक्षात ठेवली.

मुलगी थांबली. मुलांची परीक्षा तोंडावर होती, तिने सुट्टी वाढवून घेतली आणि क्लास चालू ठेवायचं ठरवलं. आम्ही एका घरात राहत होतो, वेळच्या वेळी जेवत होतो आणि कामापुरतं बोलत होतो. एका दुपारी ती मागच्या खोलीत आली. मी बायकोची क्लासमधली खुर्ची उघडली होती. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाच उघडली होती, घरी येईल तेव्हा नवी बैठक दाखवायची म्हणून. आता नुसता सांगाडा होता आणि मी त्यातले जुने खिळे काढत होतो.

मी म्हणालो, "तू ठोके ऐकलेस."

"हो, बाबा."

"खोटे होते, ते तुला कळलं."

"तेव्हाच कळलं."

"मग?"

ती म्हणाली, आईने वचन घेतलं होतं. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, डॉक्टरांकडून परत आलो त्या संध्याकाळी.

"म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत वचन नव्हतं. तिथे तू तुझ्या मनाने गप्प बसलीस."

ती म्हणाली की आईला मी उशाशी नको होतो, मागच्या खोलीत हवा होतो. "हातोडी चालू असली की तिला झोप लागायची, बाबा. थांबली की जागी व्हायची आणि मला विचारायची, यांना कळलं का गं?"

मी म्हणालो, "कळलं असतं तरी मी हातोडी चालू ठेवली असती."

"ठेवली असती?"

मी हातातली पकड खाली ठेवली. ठेवली असती की नाही, हे मला सांगता येईना. कदाचित मी काम टाकून तिच्या पलंगाला चिकटून बसलो असतो आणि तिचा जीव खाल्ला असता. कदाचित नसता. ते कळायची एक संधी होती, आणि ती माझी होती. ती या दोघींनी मिळून माझ्याकडून काढून घेतली. मी तिला तसंच सांगितलं.

मग मी विचारलं, मी नाट्यगृहात होतो तेव्हा ती कशी होती? मुलीने सांगितलं. ती आणि मेव्हणी दोघी आल्या होत्या. तिघी मिळून तलावावर गेल्या. बायको स्वतःच्या पायाने चालली. तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, याची पाठ चुकीच्या कोनात लावली आहे, यांना सांगितलं पाहिजे. तिघी खूप हसल्या. संध्याकाळी माझा फोन आला तेव्हा त्या तलावावरच होत्या. तिने मला विचारलं होतं, कितव्या रांगेत आहात?

मी म्हणालो, "आता तू जा. मला काम आहे."

खरं म्हणजे तलाव मी सहन केला असता. मला वेगळीच गोष्ट छळत होती.

बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी मी एकटा तिच्याजवळ होतो. मुलगी बाहेर फोनवर बोलत होती. बायकोने दोन्ही हात चादरीवर उताणे ठेवले. सलाईनची सुई होती तो हात अवघडला असेल, म्हणून मी तो पालथा केला. तिने तो परत उताणा केला. मग हळूहळू बोलली. "मला भीती वाटते. मला घरी यायचं होतं. तुमच्याबरोबर माझं बरं गेलं." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, किती तरी वेळ. मी म्हणालो, "बोलू नकोस, दम लागतो." तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधांच्या रांगेत होतो.

तुमच्याबरोबर माझं बरं गेलं. सगळ्या संसाराचं ते शेवटचं वाक्य, आणि ते कसं घ्यायचं ते मला कळत नव्हतं. एरवी मी ते आहे तसं घेतलं असतं. पण 'मी बरी आहे' हेही ती म्हणाली होती. 'डॉक्टर वाढवून सांगतात' हेही तिचंच. तिची जुनी वाक्यं आठवून मी एकेक तपासू लागलो, जोडा विजोड नाही इथपासून, आणि प्रत्येकाजवळ अडायचो. यावर ठोके होते का? होते आणि तिने मारले नाहीत? शिवाय ते 'बरं' मला खुपत होतं. सुखाचं गेलं म्हणाली नाही, चांगलं गेलं म्हणाली नाही. बरं. माणूस कसं आहे विचारलं की आपण तोंडदेखलं बरं म्हणतो, तसलं ते बरं का?

एकदा जेवताना मी मुलीला ते वाक्य सांगितलं आणि विचारलं की खरं होतं का. ती लगेच म्हणाली, "खरंच होतं, बाबा." पण तिचंच तर मला काही घेता येत नव्हतं. आणि दुसरं कुणी विचारायला उरलं नव्हतं.

क्लास चालू झाला. मुलगी उभ्यानेच शिकवायची, कारण खुर्ची माझ्याकडे होती. तिची पद्धत आईचीच. वाक्य वाचायची, मुलं ठोके मारायची आणि मग पार्टिशनकडे बघायची. मला दिसायचं नाही, पण त्या शांततेवरून कळायचं. मी ठोका मारत नव्हतो. हातोडीला मी हातच लावत नव्हतो. फोम कापत बसायचो, त्याला आवाज नसतो.

एका दुपारी मुलं दाटीवाटीने बसली होती, स्टूल कमी पडलं. मी माझ्याकडचं स्टूल घेऊन दारात गेलो. मुलीने तेव्हाच एक वाक्य वाचलं. "द कॉरिडॉर वॉज लाँग." क्लासमधल्या एका पोरीला बायको आगगाडी म्हणायची, कारण ती बोलायला लागली की थांबत नाही. तिने ताडताड दोन ठोके मारले. तिच्या शेजारणीने ते ऐकून वहीत काहीतरी लिहून टाकलं. वाक्य साधं होतं. कॉरिडॉर लांब होता, एवढंच.

कुणी काही सांगायच्या आतच आगगाडी उठून उभी राहिली. तिने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. तळवे वर. आणि म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं. मला परीक्षेची भीती वाटते. मला बाईंची आठवण येते."

शेजारीण तिच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "बस."

मी स्टूल तिथेच ठेवलं आणि मागे येऊन जमिनीवर बसलो.

पुढच्या खोलीत क्लास चालू होता. माझ्या डोळ्यांसमोर ती चादर होती आणि मी पालथा केलेला आणि तिने परत उताणा केलेला तो हात. तीन वाक्यं. स्वतःबद्दल. तुलना नाही, फार नाही, खूप नाही. म्हणून 'बरं'. तिच्या नियमात त्याच्या वर शब्द नव्हता. ती शिक्षा घेत होती, आणि शिक्षेतलं वाक्य खोटं सांगणं तिला मरतानाही जमलं नसतं. तुमच्याबरोबर माझं बरं गेलं. ते आहे तसं घ्यायचं होतं.

मग ती माझ्याकडे का बघत राहिली होती तेही कळलं. ज्याला फसवलं त्याने 'बस' म्हणायचं असतं. ती वाट बघत होती. मी म्हणालो, बोलू नकोस.

मुलं गेल्यावर मुलगी मागे आली. मी जमिनीवर बसलेला बघून घाबरली. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली आणि रडली. मीही रडलो. तिला वाटलं असावं की आता मिटलं. ती म्हणाली, "म्हणजे आईने फेडलं ना, बाबा."

मी म्हणालो, "कशाची शिक्षा ते मला सांगितलं नाही. मग मी 'बस' कशावर म्हणणार होतो? तिच्याच क्लासमध्ये हे चाललं नसतं."

मी रागाने बोललो नाही. पण आता मला राग अधिक नीट दिसत होता. आधी मला वाटत होतं, तिने मला कच्चा समजून फसवलं. तसं नव्हतं. खोटा ठोका काय असतो ते तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं, त्याची किंमत माहीत होती, आणि तरी तिने तो मारला. शेवटी फेडायचा प्रयत्नही केला, पण मला कळणार नाही अशा बेताने. मला न सांगायचं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. तिच्याबरोबर माझंही बरं गेलं. ते खरं आहे आणि हेही खरं आहे.

मुलगी उठली. माझ्या कामाच्या टेबलावर खिळे, कात्री, कापडाचे तुकडे पडले होते. तिने ते हाताने बाजूला सारले आणि दोन्ही तळवे वर करून ठेवले. ती म्हणाली, "मी त्या खोलीत होते. मला ठोके खोटे आहेत हे कळलं. मी गप्प बसले."

तिन्ही वाक्यं सरळ होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आईसारखीच बघते. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण मला ते डॉक्टरांच्या दाराबाहेरचं तिचं हसणं आठवलं आणि तोंड उघडलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग तिने हात काढून घेतले आणि चहा टाकायला गेली.

मुलांची परीक्षा झाली. आगगाडी पेढ्यांऐवजी मला पेनांचं पाकीट देऊन गेली, म्हणाली, अलंकारांचे सगळे बरोबर आलेत, काका. मुलगी तिच्या नोकरीवर परत गेली. रोज संध्याकाळी फोन करते. जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. कामं कशी चालली विचारते, मी सांगतो. त्या दुपारचं ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

हातोडी मी परत हातात घेतली. बायकोच्या खुर्चीला नवीन पट्ट्या ओढल्या, फोम घातला, तिला आवडायचं तसं गडद हिरवं कापड ताणून ठोकलं. सुरकुती राहू दिली नाही. खुर्ची पुढच्या खोलीत टेबलाजवळ ठेवली आहे.

मुलीला 'बस' म्हणायचं राहिलं आहे.